तसबिरीतले ग्रीक देव: ही चित्रं भिंतीवर आली कशी?

शिंपल्यावर उभी असलेली बोटीचेल्लीची व्हीनस, स्वतःच्याच अवाढव्य पंखांवर निपचित पडलेला ड्रेपरचा इकारस, जलकन्यांच्या घोळक्यात सापडलेला वॉटरहाऊसचा हायलस. ग्रीक पुराणकथांची ही चित्रं आज फ्रेम करून सहज मिळतात. 'मूळ चित्र नाही, नुसता प्रिंट आहे' असं म्हणून त्यांना कमी लेखलं जातं. मला ते पटत नाही. कारण या कथांचं एक अतिशय गाजलेलं चित्र असं आहे, ज्याचा छापाच मूळ आहे.

ते चित्र म्हणजे 'पॅरिसचा निवाडा'. कलहाच्या देवीनं लग्नाच्या मांडवात सोन्याचं सफरचंद टाकलं, 'सर्वांत सुंदर कोण' यावरून तीन देवींमध्ये वाद पेटला आणि निवाडा करायची वेळ ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्यावर आली. त्यानं फळ प्रेमदेवता (रोमनांची व्हीनस) अॅफ्रोडाइटीच्या हाती दिलं आणि पुढे त्यातूनच ट्रॉयचं युद्ध झालं. 1510 ते 1520 च्या दरम्यान रोममध्ये राफाएलनं या प्रसंगाचं रेखाटन केलं, पण ते रंगवण्यासाठी नव्हे, छापण्यासाठी. मार्कआंतोनियो राईमोंदीनं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. कल्पना राफाएलची असल्याची नोंद आणि कोरणाऱ्याची आद्याक्षरं चित्रातच आहेत. शिवाय एक लॅटिन ओळ आहे: सौंदर्यापुढे बुद्धी, सद्गुण, राज्य, सोनं सगळं फिकं.

हे काम मोठं चिकाटीचं. टोकदार हत्यारानं पत्र्यावर रेघ न् रेघ कोरायची, शाई भरायची, मग पृष्ठभाग पुसून काढायचा म्हणजे शाई फक्त खाचांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांमधून काढायचा. असा जुना छापा भिंगाखाली धरून पाहा. रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होत संपते. मांडीची गोलाई, ढगाची सावली, नदीचं पाणी, सगळं त्या फुगण्या-निमुळत्या होण्यातून उभं राहिलेलं असतं. कागदाच्या कडा कापलेल्या नसतील तर पत्र्याच्या काठाचा दबलेला चौकोनही बोटाला लागतो.

रंगवलेलं चित्र एका राजाच्या महालात अडकून पडे. तिशियननं स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी रोमन कवी ओव्हिडच्या पुराणकथांवर चित्रं रंगवली, ती पाहायला मिळालेले लोक मोजकेच. पण त्यांतल्या डायना आणि कॅलिस्टोच्या प्रसंगाचा कोर्नेलिस कोर्टनं 1566 मध्ये केलेला छापा कुठेही जाऊ शकत होता. राईमोंदीचा 'निवाडा' तर साडेतीनशे वर्षांनी पॅरिस शहरात नव्यानं जन्माला आला. छाप्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन नदीदेव आणि एक जलकन्या बसलेली आहे. एदुआर माने यानं 1863 च्या 'गवतावरची न्याहारी' या खळबळजनक चित्रासाठी तीच बैठक जशीच्या तशी उचलली, फक्त देवांना कोट-टोप्या चढवल्या.

फ्रेम मात्र बरीच नंतरची. सुरुवातीला संग्राहक छापे वह्यांमध्ये चिकटवून ठेवत. अठराव्या शतकात इंग्लंड-आयर्लंडच्या श्रीमंत घरांत ते थेट भिंतीवर चिकटवायची हौस आली, भोवतीची चौकटसुद्धा छापील कागदाचीच. काच महाग होती. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला आणि काचेआडची तसबीर साध्या घरांच्याही आवाक्यात येऊ लागली. तोवर झेनेफेल्डरची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापायची पद्धत, जुनी झाली होती आणि 1837 मध्ये एंगेलमाननं रंगीत शिळाछापाचं पेटंटही घेतलं होतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि सगळे दगड केसभरही न सरकता एकावर एक छापायचे. त्यावर वॉर्निश चढवलं की तैलचित्राचा भास होई. हेच ते ओलिओग्राफ.

इथे ही गोष्ट आपल्या घरात शिरते. बडोद्याचे दिवाण राहिलेले तंजावरचे मराठी गृहस्थ सर टी. माधवराव यांनी 1884 मध्ये राजा रविवर्म्याला सुचवलं, की तुझ्या दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणार नाही, निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घे. रविवर्म्यानं पुढे छापखानाच काढला, 1894 मध्ये गिरगावात. 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं आणि कारागीर जर्मन. युरोपात व्हीनसला घरोघरी नेणाऱ्या तंत्रानंच आपल्याकडे लक्ष्मी-सरस्वती देवघरात आल्या. आजीच्या देवघरातल्या तसबिरीला कुणी 'नुसता प्रिंट' म्हणत नाही, हे इथे आठवावं.

आज दगडही नाही, पत्राही नाही. शाईचे सूक्ष्म थेंब फवारून छापलेल्या प्रतीला 1991 पासून 'जिक्ले' असं फ्रेंच वळणाचं नाव आहे. भिंगाखाली तिथे रेघ दिसत नाही, नुसती रंगांची भुकटी दिसते. चांगली प्रत हवी असेल तर न पिवळणारा, आम्लमुक्त कागद आणि माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) मागून घ्यावा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 2017 पासून आपल्याकडच्या स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा कुणालाही वापरायला खुल्या केल्या आहेत. राईमोंदीचा 'निवाडा' त्यांत आहे. तो छापून लावलात तर उजव्या कोपऱ्यातल्या जलकन्येकडे नक्की पाहा. मागे देवींचा निवाडा चालला आहे, आणि ती मात्र मान वळवून सरळ आपल्याकडे बघते आहे.