जॅमिंगरोधक लष्करी उपग्रह दिक्चालन

शत्रूने मुद्दाम सोडलेल्या रेडिओ गोंगाटातही, म्हणजे जॅमिंगमध्येही, विमान, क्षेपणास्त्र किंवा रणगाड्याला उपग्रहांकडून अचूक ठिकाण व वेळ मिळत राहावी, यासाठीची उपाययोजना.

मूळ अडचण उपग्रहाच्या संदेशाची. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून येणारा जीपीएसचा संदेश जमिनीवर रिसीव्हरच्या अंगच्या गोंगाटापेक्षाही शंभरेक पटींनी क्षीण असतो. सोलापूरहून मोहोळ तीसेक किलोमीटर. तेवढ्या अंतरावर, मध्ये आडोसा नसेल तर, १ वॅटचा जॅमर जीपीएसच्या एल-१ पट्ट्यातल्या (१५७५.४२ मेगाहर्ट्‌झ) संदेशाहून दीड हजार पटींपेक्षा जोरात पोचतो. साध्या रिसीव्हरला मग नव्याने उपग्रह पकडता येत नाही. अंतर दहापट घटले की जोर शंभरपट वाढतो.

कूटबद्ध संकेत म्हणजे जॅमिंगवरचे उत्तर, हा समज चुकीचा आहे. जीपीएसचा लष्करी संकेत किंवा नाविक या भारतीय उपग्रह दिक्चालन प्रणालीची मर्यादित (फक्त अधिकृत वापरकर्त्यांसाठीची) सेवा प्रामुख्याने बनावट संदेशांपासून वाचवते. निव्वळ गोंगाटापुढे तिचा आधार तोकडा पडतो. नाविकचे एल-५ (११७६.४५) आणि एस (२४९२.०२८ मेगाहर्ट्‌झ) हे दोन पट्टे एकमेकांपासून दूर आहेत. त्यामुळे शत्रूला दोन्हीकडे शक्ती खर्चावी लागते, हा खरा फायदा.

मुख्य भिस्त बहुघटकी अँटेनावर असते. त्यात बहुधा ४ किंवा ७ घटक असतात. एल-१साठी दोन घटकांत अर्धी तरंगलांबी, म्हणजे सुमारे ९.५ सेंमी अंतर ठेवतात. प्रत्येक घटकाच्या संदेशाची कला (लहरीचा टप्पा) आणि तीव्रता सतत बदलून सगळे संदेश अशा रीतीने जोडले जातात की जॅमरच्या दिशेला ग्रहणशक्तीत खळगा पडतो. घटकांच्या संख्येपेक्षा एक कमी, म्हणजे ७ घटकांना ६ खळगे, ही कमाल मर्यादा. दिशांचा फरक इथे उपयोगी पडतो: सोलापुरातून नाविकचे ८३ अंश पूर्व रेखांशावरचे भूस्थिर स्थान क्षितिजापासून सुमारे ६८ अंशांवर, ३२.५ अंश पूर्वेचे ३७ अंशांवर दिसते, तर जमिनीवरचा जॅमर क्षितिजालगत असतो. जॅमर हवेत, उपग्रहाच्याच दिशेला आला, तर खळग्यात तो उपग्रहही जातो.

बिघाड जोडणीतही होतो. घटकांच्या वाहिन्या (प्रत्येकाचा संदेश पुढे नेणारे विद्युतमार्ग) एकसारख्या नसतील तर खळगा उथळ राहतो. पहिला प्रवर्धक (संदेश वाढवणारा भाग) जॅमरच्या जोराने संपृक्त झाला, म्हणजे त्याची क्षमता संपली, की पुढचे गणित व्यर्थ. संदेशाचे आकड्यांत रूपांतर (अंकीकरण) करतानाही जोरदार जॅमर आणि क्षीण संदेश दोन्ही मावावे लागतात, म्हणून नागरी रिसीव्हरला १-२ बिट पुरतात, इथे १२-१४ लागतात. परावर्तनेही खळगे खातात: सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्यासारख्या पत्र्याच्या शेडवरून उसळलेला जॅमरचा संदेश अँटेनाला दुसऱ्या जॅमरसारखाच भासतो.

उपग्रह पकडून ठेवण्यापेक्षा नव्याने पकडणे कठीण, म्हणून कूटकिल्ल्या, अचूक वेळ व उपग्रहांची कक्षामाहिती भरून जॅमिंगच्या टापूत शिरण्याआधीच रिसीव्हर स्थिर करतात. तरीही संदेश तुटलाच तर जडत्वीय प्रणाली, म्हणजे हालचाल आणि वळणे मोजून स्वतःच ठिकाण काढणारी यंत्रणा, गाडा ओढते. विमानातल्या चांगल्या प्रणालीची चूक तासाला सुमारे १.८५ किमीने वाढते. लहान ड्रोनमधल्या स्वस्त संवेदकांचा भरवसा मात्र मिनिटांतच संपतो.