फरा बाहेर आला: ट्रॅपिझियस की सेरेटस?

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून वाट काढणाऱ्या मजुराच्या पाठीवर फरा, म्हणजे खांद्याचे पाते, पंखासारखा उचललेला दिसला, की ‘शीर दबली’ एवढ्यावर विषय संपवला जातो. प्रत्यक्षात त्यामागे दोन वेगळे स्नायू असू शकतात आणि त्यांच्या शिराही, म्हणजे नर्व्ह, वेगळ्या आहेत.

फऱ्याला धडाशी जोडणारे हाड म्हणजे केवळ कॉलरबोन. बाकी तो बरगड्यांवर स्नायूंच्याच आधाराने सरकत असतो. ट्रॅपिझियस हा पाठीवरचा रुंद स्नायू कवटीच्या मागच्या भागापासून बाराव्या वक्षीय मणक्यापर्यंतच्या मध्यरेषेतून निघून कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाला आणि फऱ्याच्या वरच्या आडव्या उंचवट्याला येऊन मिळतो. घडाचे ओझे ज्यावर टेकते, तो मानेलगतचा मांसल उतार याचाच. सेरेटस अँटिरिअर मात्र वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि छातीच्या कडेने फऱ्याखालून जाऊन त्याच्या कण्याकडील कडेला चिकटतो; भरलेली हातगाडी ढकलताना फरा पुढे ओढून बरगड्यांशी घट्ट धरण्याचे काम तो करतो.

घोटाळा होतो तो दोघांच्या समाईक कामामुळे. हात पूर्ण वर, म्हणजे सुमारे १८० अंश, नेताना अंदाजे १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून मिळतात, आणि हे फिरवणे दोघे मिळून करतात. म्हणूनच कोणताही एक दुबळा झाला तरी हात डोक्यावर नेणे कठीण जाते.

फरक ओळखायचा तो फरा कुठे सरकला यावरून. सेरेटस दुबळा असेल तर फरा वर आणि कण्याकडे सरकतो, आणि दोन्ही तळहातांनी भिंत ढकलताना त्याची आतली कड ठळकपणे उचलली जाते. ट्रॅपिझियस दुबळा असेल तर खांदा खाली झुकतो, फरा कण्यापासून दूर जातो आणि हात बाजूने वर उचलताना हा दोष अधिक दिसतो. पहिल्यात लाँग थोरॅसिक नर्व्ह तपासावी लागते. जड ओझ्याच्या ताणाने किंवा काखेतील शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. दुसऱ्यात ॲक्सेसरी नर्व्ह तपासतात, जिला मानेच्या बाजूची गाठ काढताना धक्का लागण्याचा धोका असतो. त्यामुळे डॉक्टरांना ओझ्याबरोबरच मानेवरील किंवा काखेतील जुन्या शस्त्रक्रियेविषयीही आवर्जून सांगावे.