पांढरी कड म्हणजे उरलेली गाठ नव्हे

कुत्र्याच्या मेंदूतली गाठ काढल्यावर एमआरआयमध्ये कडा चकाकल्या, की ‘गाठ राहिली’ असं धरलं जातं. दरवेळी तसं नसतं. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम (स्कॅनमध्ये पांढरं चकाकणारं द्रव्य) रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर जिथे फुटलाय तिथे झिरपतं. त्याला गाठ काय नि शस्त्रक्रियेची जखम काय, सारखीच. भरत आलेली जखमही काही आठवडे चकाकते. म्हणून माणसांत ही जखमेची चकाकी ठळक व्हायच्या आधीच, ७२ तासांच्या आत, पहिलं स्कॅन उरकतात. कुत्र्याला त्यासाठी पूर्ण भूल लागते, म्हणून ते बरेचदा टळतं (गोंधळ तिथूनच सुरू होतो). पातळ, सलग कड बहुधा जखमेची. जाड, गाठाळ भाग संशयास्पद. आणि काही ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठी) तर चकाकतच नाहीत! निवाडा शस्त्रक्रियेआधीच्या स्कॅनशी ताडून, नंतर पुन्हा बघूनच होतो.