जाड अक्षराची गोल टोकं

लक्ष्मी रस्त्यावरच्या पाट्या जरा निरखून वाचल्या तर दिसेल, की खेळणी, केक, आइस्क्रीम, लहान मुलांचे कपडे विकणारी मंडळी जाड आणि गोल टोकांच्या अक्षरांवर खूश असतात. सराफ मात्र त्या वाटेला सहसा जात नाहीत. यात देखादेखी आहेच, पण तेवढंच नाही. मोशे बार आणि माइटल नेटा या संशोधकांनी २००६ मध्ये लोकांना एकाच वस्तूची टोकदार आणि गोलसर अशी रूपं दाखवली, तेव्हा पसंती गोलसर रूपांकडे झुकली. २०१५ च्या आणखी एका अभ्यासात लोकांनी गोल वळणाच्या अक्षरांचं नातं गोड चवीशी जोडलं; टोकदार अक्षरांच्या वाट्याला कडू, खारट, आंबट चवी आल्या. केकवाल्याला हे कुणी सांगावं लागलं नाही.

अक्षराची टोकं गोल झाली, ती मात्र आधी हत्यारामुळे. फिरत्या पात्याने धातूवर किंवा प्लास्टिकवर अक्षर कोरलं, की रेघ जिथे थांबते तिथे पात्याच्या रुंदीचा अर्धगोल आपोआप उरतो. आजही थ्रीडी लेटर करणाऱ्याकडे ॲक्रिलिक कापताना राऊटरचं (फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्राचं) पातं ६ मिलिमीटरचं असेल, तर आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येने गोल होणारच. कॉम्प्युटरवर तो कितीही टोकदार काढा. कारखान्यातली ही सोय पुढे आवड झाली. फोक्सवॅगनने (हो, चाकणवालेच) १९७९ च्या सुमारास आपल्या विक्रेत्यांसाठी ‘व्हॅग राउंडेड’ हा फॉन्ट करून घेतला. नंतर तो ॲपलच्या कीबोर्डवर बरीच वर्षं होता.

सपाट टोकांचा जाड फॉन्ट घ्यायचा आणि कोपरे घासायचे, एवढ्याने भागत नाही. सरळ रेघ वर्तुळाच्या कमानीला जिथे मिळते, तिथे वक्रता शून्यावरून एकदम वाढते. रेघ अखंड असूनही डोळ्याला तिथे बारीकसा गुडघा जाणवतो. रेल्वेच्या रुळांना वळण देताना गाडीला हिसका बसू नये म्हणून मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात. अक्षर काढणाराही तेच करतो. त्यासाठी तो जे बेझिए वक्र (मोजक्या बिंदूंनी आकार ठरणाऱ्या वळणदार रेघा) वापरतो, ते रेनो आणि सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपन्यांत गाड्यांचे आकार काढण्यासाठी तयार झाले होते. शिवाय गोल टोकाची दांडी सपाट टोकाच्या दांडीपेक्षा बुटकी दिसते, म्हणून ती किंचित लांब ठेवावी लागते. आडवी रेघ त्याच मापाच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून ती जरा बारीक. फूटपट्टी लावली तर सगळं चुकलेलं निघेल.

देवनागरीत शिरोरेषा आडवी येते. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची दोन्ही टोकं गोल करून अक्षरं नुसती शेजारी टेकवली, तर दर सांध्यावर वरखाली खाच पडते. मग शिरोरेषा एकमेकींवर पुरेशा चढवायच्या, नाहीतर मधली टोकं सपाट ठेवून गोलाई फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी द्यायची. दुसऱ्या उपायात शेजारी अक्षर आहे की नाही हे पाहून रूप बदलण्याचे नियम फॉन्टमध्येच लिहावे लागतात.

त्यात जाडी वाढवायची म्हणजे आतल्या मोकळ्या जागेवरच अतिक्रमण. उंची वाढवायची सोय नाही, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा हवी. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक काय, तर डावीकडचं हुकासारखं वळण आणि शिरोरेषेतली जराशी फट. टोकं फुगली की फट बुजते, आणि खानावळीच्या पाटीवरचा ‘भात’ रस्त्यापलीकडून ‘मात’ होतो. ‘ध’ आणि ‘घ’ यांचीही तीच गत. ‘महाराष्ट्र’मधल्या ‘ट्र’खाली दोन तिरक्या रेघा भेटतात, तो कोपरा तर सगळ्यात आधी भरतो, कसलेला डिझायनर तिथे रेघ गुपचूप बारीक करतो.

हे सगळं एकदम अंगावर घेतलं ते मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या ‘बलू’ या फॉन्टने. नऊ भारतीय लिप्या, सोबत रोमन, आणि फॉन्ट सगळ्यांना मोफत. भावंडांची नावं तर झकासच: गुजरातीचा भाई, बंगालीचा दा, पंजाबीचा पाजी, तमिळचा थंबी. ‘बलू २’ मध्ये ४०० ते ८०० या पट्ट्यातलं हवं ते वजन, म्हणजे अक्षराची जाडी, निवडता येतं.

मथळा, खाऊचं पाकीट, ॲपमधलं बटण, बालवाडीची पुस्तकं इथे हे अक्षर शोभतं. पानभर मजकूर मात्र त्यात लावू नये. लहान आकारात पोकळ्या बुजून ओळी काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्सही त्यात नको, तरी चौकाचौकांत तो दिसतोच. आणि दारासमोर गाडी न लावण्याविषयीची पुणेरी पाटी अशा गोंडस अक्षरात लिहिली, तर लोक खुशाल गाडी लावून जातील.

दिव्यांच्या पाटीचं गणित थोडं वेगळं. रात्री उजेड अक्षराच्या कडेबाहेर पसरतो आणि टोकदार कोपरे तसेही विरघळतात. मुळात गोल असलेलं अक्षर त्यात कमी बिघडतं, पण आतल्या फटी उजेडाने भरून येतात. रोमन अक्षरं असतील तर ती थोडी विरळ लावून काम निभतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषाच तुटते, तेव्हा ८०० ऐवजी ६०० चं वजन घेणं बरं.