फॅन आर्टचं पुस्तक : एकाच पानावर दोन मालक

सोलापुरात सिनेमाचे बॅनर हाताने रंगवले जात, तेव्हा मराठी-हिंदीबरोबर तेलुगू आणि कन्नड नटांचे चेहरेही इथल्या पेंटरांच्या हातात बसलेले होते. वितरकाकडून फोटोसेट यायचा. फोटोवर आणि कापडावर चौकटी आखून एकेका चौकटीने चेहरा मोठा करत न्यायचा. आजचे फॅन आर्ट, म्हणजे आवडत्या पात्रांची चित्रं चाहते म्हणून स्वतःहून काढणारे, टॅबलेटवर जवळपास हेच करतात, पण कायद्याच्या दृष्टीने दोन्ही कामं अगदी वेगळी आहेत. बॅनरचं काम वितरक किंवा थिएटरमालक सांगायचा, त्यामुळे परवानगी त्या कामातच आलेली असायची. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक काम सांगणारा असतो. वेगळा करार असेल तरच चित्रकार. फॅन आर्ट कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून त्याला परवानगी नसते, आणि चित्रकाराचा हक्कही दुसऱ्या कुणाकडे गेलेला नसतो.

असं चित्र आर्ट बुकात छापून विकायला काढलं की दोघांचे हक्क एकाच पानावर येतात : मूळ पात्राच्या मालकाचा आणि चित्र काढणाऱ्याचा. प्रकाशक बहुतेक वेळा यातला एकच बघतो.

पहिला हक्क आधी पाहू. 1914 चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन आजचा कायदा 21 जानेवारी 1958 पासून लागू झाला. कलम 14 प्रमाणे कलाकृतीची प्रत काढणं, ती लोकांपर्यंत पोचवणं आणि तिचं रूपांतर करणं हे मालकाचे हक्क आहेत. कॉमिक किंवा ॲनिमेशनमधलं पात्र हे मुळातच चित्र असल्याने तिथे धोका सर्वांत जास्त. कादंबरीतलं पात्र शब्दांत असतं, त्याचा एखादा चेहरा कल्पनेने काढणं तुलनेने सुरक्षित. पण प्रसंगामागून प्रसंग चित्रांत मांडून पुस्तकच केलं, तर कलम 2 मधली रूपांतराची व्याख्या थेट लागू पडते. कथा मुख्यतः चित्रांतून सांगणं हे त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ठरवलं की कल्पनेवर मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते. पुढे नव्वदच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नागराज’ या कॉमिक पात्राशी फार मिळत्याजुळत्या ‘नागेश’ला मनाई केली. नाव बदलून सुटका होत नाही, हे त्यातून दिसलं. ‘तीस टक्के बदललं की चालतं’ हा समज चित्रकारांत घट्ट रुजलाय; कायद्यात असा कुठलाही टक्का नाही. मूळ निर्मात्याचं नाव छापलं तरी ती परवानगी होत नाही. कलम 52 मधली ‘न्याय्य वापरा’ची सूट खाजगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनापुरती आहे. चित्रांचा नुसता संग्रह विकणं त्यात बसत नाही.

मग जपानमध्ये कसं चालतं, असं नेहमी विचारलं जातं. टोकियोत 1975 पासून भरणाऱ्या कॉमिकेट मेळ्यात चाहत्यांची पुस्तकं उघड विकली जातात. तिथली ती छोट्या आवृत्त्यांकडे केलेली डोळेझाक आहे, हक्क नव्हे. 1999 मध्ये पोकेमॉनवरचं असं पुस्तक काढणाऱ्या एका महिलेला अटक झालीच होती. अमेरिकेतल्या ‘फेअर यूज’चा, म्हणजे काही वापर परवानगीशिवाय चालू देणाऱ्या सवलतीचा, दाखलाही जपून द्यावा. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने प्रिन्स या गायकाचं चित्र 1981 च्या एका छायाचित्रावरून केलं होतं. 1984 मध्ये एका मासिकाने त्यासाठी छायाचित्रकार गोल्डस्मिथ यांना एका वापराचे 400 डॉलर दिले. 2016 मध्ये त्याच मालिकेतलं दुसरं चित्र मासिकाला 10,000 डॉलरला दिलं गेलं, त्यात त्यांना काहीच मिळालं नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. शैली वेगळी असणं पुरलं नाही, कारण चित्र विकलं गेलं ते मूळ छायाचित्राच्याच बाजारात.

दुसऱ्या हक्काबाबत चित्रकारांवर जास्त अन्याय होतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘तुमचं चित्रच मुळात बेकायदा, मग तुम्हाला कसला हक्क’ असं त्यांना ऐकवलं जातं. कलम 13(3) मध्ये मूळ कृतीचा भंग केल्यामुळे कॉपीराइट नाकारला आहे तो चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाला. चित्राला तसं कलम नाही. कलम 19 प्रमाणे हक्क सोपवायला सहीचा लेखी करार लागतो, मेसेजमधलं ‘हो, घ्या’ पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तेच पुस्तक परदेशी विकायचं असेल तर करारात तसं लिहून घ्यावं लागतं. आणि हक्क विकले तरी कलम 57 खाली चित्रकाराचा नावाचा हक्क राहतो.

छपाईच्या वेळी हे सगळं फार महाग पडतं. 16 पानी फर्म्यात (एकत्र छापून, घडी घालून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) शिवण बांधणी असेल आणि पान 5 वरच्या चित्राला हरकत आली, तर 5-6 चा कागद काढताना त्याला जोडलेला 11-12 चा कागदही सुटतो. म्हणून ज्या चित्रांची लेखी परवानगी हातात आलेली नाही, ती सगळी एकाच फर्म्यात ठेवावीत आणि तो फर्मा शेवटी छापायला द्यावा. चित्रकाराने थरांसह मूळ फाइल आणि कच्ची रेखाटनं तारखेनिशी जपावीत. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुराव्याला उपयोगी पडते.

पुस्तक मुंबई-दिल्लीत छापलेलं असलं तरी कलम 62 नुसार इथे राहणाऱ्या चित्रकाराला सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.