गेम कन्सोल उच्च रिझोल्यूशनच्या मॉनिटरला जोडणे

गेम कन्सोल उच्च रिझोल्यूशनच्या मॉनिटरला जोडणे : टीव्हीसाठी घडवलेल्या गेम कन्सोलचे चित्र त्याहून अधिक किंवा वेगळ्या पिक्सेलसंख्येच्या संगणक-मॉनिटरवर नीट दिसेल अशी जोडणी करणे. केबल लावली की चित्र बहुधा येते. पण ते धूसर, फिके, कडेला कापलेले किंवा उशिरा उमटणारे असू शकते. कन्सोल टीव्हीची मापे जाणतो : ७२०, १०८० आणि २१६० ओळी. मॉनिटर मात्र १२००, १४४० किंवा १६०० ओळींचेही असतात. दोघांची मापे जुळत नसतील तर वाटेत कुठेतरी चित्राचे माप बदलावे लागते. हे स्केलिंग कोण करतो आणि किती वेळा होते, यावर चित्राची प्रत ठरते. शक्यतो ते एकदाच व्हावे आणि कन्सोलनेच करावे. पुढच्या बहुतेक सूचना याच सूत्राला धरून आहेत.

पिक्सेलचे गणित

१०८०पी चित्रात १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी चित्रात २५६० × १४४० म्हणजे सुमारे ३६.९ लाख आणि ४के चित्रात ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८२.९ लाख. १०८०पी चित्र १४४०पी पडद्यावर पसरवताना प्रत्येक बाजू १.३३ पट वाढते. एक पिक्सेल सव्वा-दीड पिक्सेलांवर बसवता येत नाही, म्हणून मॉनिटर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो. अक्षरांच्या कडा मऊ पडतात, बारीक रेघा कुठे जाड तर कुठे पुसट दिसतात. १०८०पी ते ४के हे प्रमाण नेमके दुप्पट आहे, त्यामुळे एका पिक्सेलचे चार करून कडा धारदार राखता यायला हव्यात. पण बहुतेक मॉनिटरांतील स्केलर, म्हणजे चित्राचे माप बदलणारा भाग, दुप्पट करतानाही सरासरीच काढतो, त्यामुळे ४के मॉनिटरवरही १०८०पी चित्र थोडे मऊच दिसते. ही मॉनिटरची सवय आहे, केबलचा दोष नव्हे. महागडी केबल घेऊन ती सुटत नाही.

टीव्हीवर हा मऊपणा खपून जातो, कारण पाहणारा दोन-तीन मीटर दूर बसलेला असतो. टेबलावरचा मॉनिटर ६०-७० सेंटिमीटरवर असतो. २७ इंची पडद्यावर १०८०पीचा एक पिक्सेल ०.३११ मिलिमीटर, १४४०पीचा ०.२३३ आणि ४केचा ०.१५६ मिलिमीटर असतो. चांगल्या डोळ्याला ६० सेंटिमीटरवरून सुमारे ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. म्हणजे या अंतरावर १०८०पी व १४४०पीचे पिक्सेल तर जाणवतातच, पण स्केलिंगच्या चुकाही उघड्या पडतात.

कोणता कन्सोल काय पाठवतो

२०१३ चा प्लेस्टेशन ४ जास्तीत जास्त १०८०पी पाठवतो. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रोने २१६०पीची भर घातली, पण १४४०पीचा पर्याय त्यातही नाही. त्यामुळे प्रोला १४४०पी मॉनिटर जोडल्यावर दोनच वाटा राहतात. मॉनिटर ४के सिग्नल स्वीकारून लहान करून दाखवत असेल तर २१६०पी निवडावे. अधिक पिक्सेलांतून कमी पिक्सेल काढताना तपशील टिकतो, म्हणून हे चित्र १०८०पी ताणून दाखवण्यापेक्षा स्पष्ट असते. मॉनिटर ४के घेत नसेल तर १०८०पीवर समाधान मानावे.

प्लेस्टेशन ५ ला १४४०पी आउटपुट सप्टेंबर २०२२ मधील सिस्टम सॉफ्टवेअर अपडेटने मिळाले. तो पर्याय चालू करण्याआधी ‘सेटिंग्ज’मधून ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’, तिथून ‘व्हिडिओ आउटपुट’ असे जाऊन ‘टेस्ट १४४०पी आउटपुट’ ही चाचणी घ्यावी. ती यशस्वी झाली तरच रिझोल्यूशनच्या यादीतून १४४०पी निवडावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अनेक १४४०पी मॉनिटर कन्सोलला ‘मी ४के घेतो’ असे कळवतात, म्हणून ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेला कन्सोल ४के पाठवतो आणि मॉनिटर ते पुन्हा लहान करतो. चित्र वाईट दिसत नाही, पण एक पायरी अकारण वाढते आणि ४के सिग्नलमुळे १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांचा, पर्यायही अनेकदा हातचा जातो. अशा मॉनिटरवर १४४०पी हातानेच निवडलेले बरे.

एक्सबॉक्स वन एस व वन एक्स यांना १४४०पी २०१८ मध्येच मिळाले होते. सिरीज एस आणि सिरीज एक्सवर ते पहिल्यापासून आहे. ‘जनरल’ विभागातील ‘टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स’मध्ये रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलते) वेगवेगळे निवडता येतात. तिथलेच ‘४के टीव्ही डिटेल्स’ हे पान पडदा कोणकोणते सिग्नल घेतो ते एकेक करून दाखवते. अडचण शोधताना आधी हे पान उघडावे.

२०१७ चा निन्टेन्डो स्विच डॉकमध्ये (पडद्याला जोडणाऱ्या बैठकीत) ठेवला तरी १०८०पी, ६० हर्ट्झच्या पुढे जात नाही. २०२५ चा स्विच २ डॉकमधून ४के ६० हर्ट्झवर, तर १०८०पी आणि १४४०पी १२० हर्ट्झपर्यंत पाठवतो. त्याचे व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमच्या वेगानुसार रिफ्रेश रेट बदलण्याची सोय) मात्र हातातल्या पडद्यापुरतेच आहे, डॉकमधून ते मॉनिटरला मिळत नाही.

आउटपुटचे रिझोल्यूशन आणि गेमचे रिझोल्यूशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम आतून १०८० ओळींचे चित्र तयार करत असेल तर कन्सोलला १४४०पीवर ठेवून नवा तपशील जन्माला येत नाही. फक्त स्केलिंग कन्सोलच्या आत होते आणि मॉनिटर चित्राला हात लावत नाही. मेन्यू, अक्षरे आणि नकाशे मात्र पुष्कळ गेम आउटपुटच्या मापातच रेखाटतात. त्यामुळे बदल सर्वांत आधी तिथेच डोळ्यांत भरतो.

केबल, पोर्ट आणि आवर्तन

कन्सोलचे चित्र आणि आवाज एचडीएमआय या जोडणीतून जातो. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे. तिच्यात ४के ६० हर्ट्झ किंवा १४४०पी १२० हर्ट्झ आरामात बसते. ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ ची अधिक क्षमता लागते. या आवृत्तीची कमाल मर्यादा ४८ गिगाबिट असली तरी प्लेस्टेशन ५ तिच्यातील ३२ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४० गिगाबिट वापरतो. खोक्यावरच्या ‘२.१’ या आकड्यावर विसंबू नये, कारण १८ गिगाबिटचे पोर्टही नियमांनुसार २.१ म्हणून विकता येते. मॉनिटरच्या माहितीपत्रकात एचडीएमआयसमोर कोणते रिझोल्यूशन किती हर्ट्झला लिहिले आहे तेच वाचावे. अनेक मॉनिटरांचे १४४ किंवा १६५ हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवर (संगणकासाठीच्या वेगळ्या जोडणीवर) मिळतात आणि एचडीएमआयवर आकडा खाली येतो. एकाच मॉनिटरवरची दोन एचडीएमआय पोर्टही सारखी असतीलच असे नाही.

कन्सोलसोबत आलेली केबल पुरेशी असते. नवी घ्यायची तर १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे प्रमाणपत्र पाहावे आणि लांबी दोन मीटरच्या आत ठेवावी. क्षमतेच्या काठावरची केबल चित्र फिके करत नाही. तिची चूक पांढरे ठिपके, क्षणभर काळा होणारा पडदा किंवा अजिबात न येणारे चित्र अशा रूपात दिसते.

काही मॉनिटरांना फक्त डिस्प्लेपोर्ट असते. कन्सोलला ते नसते, आणि नेहमी मिळणारी डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल उलट्या दिशेने चालत नाही : ती संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयकडे जाण्यासाठी बनवलेली असते. इथे एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारा, बहुधा यूएसबीने वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. दोन्ही टोके खाचेत नीट बसतात, त्यामुळे केबल ‘बसली म्हणजे चालणार’ असे वाटते आणि पडदा काळाच राहतो. ही फसगत सर्वांत जास्त आढळते.

१२० हर्ट्झसाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : मॉनिटर, कन्सोलची सेटिंग आणि गेम. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १२० ला ८.३. व्हेरिएबल रिफ्रेश रेटच्या बाबतीत प्लेस्टेशन ५ फक्त एचडीएमआयची स्वतःची पद्धत ओळखतो आणि ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. एक्सबॉक्स फ्रीसिंक ही एएमडीची पद्धतही ओळखतो. त्यामुळे एकाच मॉनिटरवर ही सोय एका कन्सोलला मिळते आणि दुसऱ्याला नाही, असे घडते.

प्रमाण न जुळणारे पडदे

१९२० × १२०० च्या मॉनिटरवर १०८०पी चित्र जसेच्या तसे ठेवले तर वर-खाली ६० ओळींच्या काळ्या पट्ट्या येतात. त्या येऊ द्याव्यात. मॉनिटरच्या मेन्यूत ‘फुल’ निवडले तर चित्र उभे ताणले जाते आणि चाके अंडाकृती दिसतात. ३४४० × १४४० च्या अतिरुंद मॉनिटरवर मधले २५६० पिक्सेल वापरात येऊन दोन्ही कडांना ४४० पिक्सेलांच्या पट्ट्या राहतात. त्यासाठी मॉनिटरवर १६:९ किंवा ‘ॲस्पेक्ट’ निवडावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर मॉनिटर सिग्नलला टीव्हीचा समजून ओव्हरस्कॅन करतो आहे, म्हणजे चित्र किंचित मोठे करून कडा पडद्याबाहेर ढकलतो आहे. ते बंद करून ‘१:१’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ ठेवावे.

स्केलर नसलेले जुने मॉनिटर

हा प्रकार वेगळा आणि अवघड आहे. ड्युअल-लिंक डीव्हीआयचे (संगणकाच्या जुन्या चित्र-जोडणीच्या दुहेरी क्षमतेच्या प्रकाराचे) जुने ३० इंची मॉनिटर, उदाहरणार्थ ॲपलचा २००४ चा सिनेमा एचडी डिस्प्ले, २५६० × १६०० चे भव्य पडदे होते. पण त्यांच्यात स्केलर नव्हता. ते स्वतःचे पूर्ण माप आणि त्याच्या निम्मे, म्हणजे १२८० × ८००, एवढेच स्वीकारतात. यांतले एकही माप टीव्हीच्या मापांशी जुळत नाही. शिवाय साधा एचडीएमआय-डीव्हीआय जोड फक्त सिंगल-लिंकच्या तारा जोडतो. तिची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ असते. ६० हर्ट्झचे १०८०पी १४८.५ मेगाहर्ट्झ घेते, म्हणून ते जाते, २५६० × १६०० जात नाही. अशा मॉनिटरसाठी एचडीएमआय घेऊन ड्युअल-लिंक डीव्हीआय देणारा स्वतंत्र स्केलर लागतो. तोही चित्राला थोडा उशीर लावतो. जोडणी साधते, पण एवढा खर्च करण्याआधी साध्या एचडीएमआय मॉनिटरचा विचार जरूर करावा.

जुन्या डीव्हीआय मॉनिटरांची दुसरी अडचण एचडीसीपी ही चित्राची नक्कल रोखणारी पद्धत. मॉनिटर ती ओळखत नसेल तर पडदा काळा राहतो. प्लेस्टेशन ४ व ५ वर ती सेटिंगमधून बंद करता येते. मात्र बंद असताना चित्रपट दाखवणारी ॲप्स उघडत नाहीत. प्लेस्टेशन ३ मध्ये ती बंद करता येत नाही.

रंग आणि एचडीआर

टीव्हीच्या परंपरेत काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ असते, संगणकाच्या परंपरेत ० आणि २५५. कन्सोल ‘लिमिटेड’ पाठवतो आणि मॉनिटर ‘फुल’ समजतो, तेव्हा काळा रंग राखाडी होऊन सारे चित्र धुके पडल्यासारखे दिसते. उलट झाले तर अंधारातले तपशील बुडतात. उपाय दोन्ही बाजूंनी एकच पर्याय ठेवण्याचा आहे. प्लेस्टेशनवर याला ‘आरजीबी रेंज’ म्हणतात, एक्सबॉक्सवर ‘कलर स्पेस’मध्ये ‘स्टँडर्ड’ आणि ‘पीसी आरजीबी’ असे पर्याय असतात, मॉनिटरवर बहुधा ‘ब्लॅक लेव्हल’. बदल एका वेळी एकाच उपकरणावर करून पाहावा.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला असलेला, सिग्नल घेणारे पुष्कळ मॉनिटर तो नीट दाखवू शकत नाहीत, कारण पडद्याचा प्रकाश भागाभागाने कमी-जास्त करण्याची सोय त्यांच्यात नसते. चित्र फिके वाटले तर एचडीआर बंद करावे, त्यात काही गमावत नाही.

आवाज

मॉनिटरला स्पीकर नसतील तर त्याच्या मागे ३.५ मिलिमीटरचे हेडफोन छिद्र आहे का ते पाहावे. एचडीएमआयने आलेला आवाज तिथून मिळतो. तेही नसेल तर कंट्रोलरमधील हेडफोन जागा किंवा यूएसबी हेडसेट वापरावा. डीव्हीआयच्या वाटेने गेल्यास आवाज बहुधा सुटतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजला ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलने आवाज देणारे) आउटपुट नाही, म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरसाठी एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर मध्ये घालावा लागतो. तो साखळीतला सर्वांत कमी क्षमतेचा दुवा ठरू नये, नाहीतर १२० हर्ट्झ तिथेच अडते.

पडदा काळाच राहिला तर

आधी मॉनिटर चालू करून त्यावर योग्य इनपुट निवडावे, मग कन्सोल सुरू करावा. मॉनिटर आपली मापे ईडीआयडी या छोट्या माहितीसंचातून कळवतो. ती वेळेवर न पोचल्यास कन्सोल कमी मापावर येतो किंवा चित्रच पाठवत नाही. मॉनिटर न घेणारे माप चुकून निवडले गेले असेल तर प्लेस्टेशन पूर्ण बंद करून पॉवर बटण दुसरा ‘बीप’ ऐकू येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरावे. सेफ मोड उघडतो आणि कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून आउटपुट बदलता येते. डिस्क ड्राइव्ह असलेल्या एक्सबॉक्सवर पॉवर आणि इजेक्ट ही बटणे दुसऱ्या ‘बीप’पर्यंत एकत्र धरली की तो ६४० × ४८० वर सुरू होतो.

जुन्या ॲनालॉग कन्सोलांचे चित्र १५ किलोहर्ट्झ आडव्या आवर्तनाचे असते आणि आजचे मॉनिटर ते घेत नाहीत. स्वस्त एव्ही-एचडीएमआय डबी २४०पी सिग्नलला ४८०आय (एकाआड एक ओळी पाठवणारा) समजून कडा विस्कटते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखी खास साधने प्रत्येक ओळ नेमकी दुप्पट किंवा अधिक पट करतात. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचा कन्सोल ५० हर्ट्झ पाठवतो, आणि ते न घेणारा मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ दाखवतो. तेव्हा दोष शोधण्याआधी मॉनिटरच्या माहितीपत्रकातील उभ्या आवर्तनाची खालची मर्यादा पाहावी.