पार्श्वभूमी : सूक्ष्मगुरुत्व मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

2025 च्या जून-जुलैत एक भारतीय अंतराळवीर अंतराळ स्थानकावर राहून, तिथे मूग-मेथीला मोड आणून परतला. तेव्हापासून नागपुरात, धरमपेठेतल्या माझ्या क्लासमध्ये एक प्रश्न हमखास येतो : तिथलं गुरुत्व मोजतात कशानं?

खरी गोम प्रश्नातच आहे. 400 किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असतं, म्हणून 'शून्य गुरुत्व' हा शब्द चुकीचाच. त्याच्या जागी 'सूक्ष्मगुरुत्व' आला, पण घोळ मिटला नाही. स्थानक सतत पृथ्वीभोवती पडत असतं आणि सोबत पडणाऱ्या त्वरणमापकाला (वेग किती झपाट्यानं बदलतो ते मोजणाऱ्या उपकरणाला) गुरुत्व जाणवतच नाही. हे मी मुलांना मोबाइलवर दाखवतो. त्यातही असा मापक असतो. टेबलावर निश्चल ठेवलेला फोन 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) दाखवतो; हातातून गादीवर सोडला की पडतानाचा आकडा शून्याजवळ येतो. वर स्थानकात मोजलं जातं ते या पडण्यात येणारं विघ्न : विरळ हवेचा अवरोध, पंख्यांची घरघर, ट्रेडमिलवर व्यायाम करणाऱ्याची पावलं. मला 'उरलेलं त्वरण' हाच शब्द प्रामाणिक वाटतो. शिवाय 'सूक्ष्म' म्हणजे जी चा (जमिनीवरच्या त्या 9.8 चा) दशलक्षांश, हे शांत वेळेपुरतंच खरं. माणसं कामाला लागली की कंप हजारांशापर्यंत जातात, आणि स्फटिक वाढवणाऱ्याला नेमकी त्याचीच धास्ती असते.

1991 मध्ये अवकाशयानातून यासाठी स्वतंत्र यंत्रणा गेली. सिलिकॉनच्या चिपवरचा त्वरणमापक 1979 पासून ज्ञात होता. नव्वदच्या दशकात तो मोटारींच्या एअरबॅगमुळे स्वस्त झाला. पण एअरबॅगला जी च्या पन्नासपटीपर्यंतचे धक्के ओळखायचे असतात, इथे दशलक्षांश.

आडवा येतो तो गोंगाट, म्हणजे मापकाची स्वतःचीच थरथर. चिपमध्ये स्प्रिंगला धरलेलं एक वस्तुमान असतं, ते किती हललं यावरून त्वरण कळतं. ते इतकं हलकं की हवेच्या रेणूंच्या धडकांनीही ते थरथरतं. उपाय तीन : वस्तुमान जड करा, स्प्रिंग मऊ करा, आत निर्वात ठेवा. मात्र मऊ स्प्रिंग जमिनीवर स्वतःच्याच वजनानं वाकते आणि वस्तुमान अडणीला जाऊन टेकतं. म्हणून चाचणी आडव्या अक्षावर, किंचित तिरपं करून घेतात. हे तिरपेपण किती किंचित? एक मीटर लांब फळीच्या एका टोकाखाली वहीचा एकच कागद सरकवला, तरी संवेदकाला जी चे सुमारे शंभर दशलक्षांश दिसतात. एका दशलक्षांशासाठी त्या कागदाच्या जाडीचा शंभरावा भाग पुरतो.